उंबराईची जागा

सोमवार, १० मार्च २०२५
पेण

सर्वप्रथम क्षमा मागते, आणि ती नेमकी कोणाची मागते आहे हे मला ठाऊक नाही. दैनंदिनी ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांनी लिहावी, असे मला नेहमी वाटत आले. माझ्या आयुष्यात आजवर परीक्षा घडल्या, आणि परीक्षांविषयी जे लिहायचे ते गुणपत्रिकेत आधीच लिहिलेले असते. तरीही आज लिहिण्याचे धाडस करते आहे. या वहीने मोठे मन करावे.

आज मी नोकरीवर रुजू झाले. एका संस्थेच्या वारसा नोंदणी उपक्रमात क्षेत्र सहायक, कंत्राटी. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या जुन्या शिळा, वीरगळ, समाध्या, तळी, मैलाचे दगड यांची नोंद करायची आणि निवडक ठिकाणी माहितीचे फलक लावायचे. फलकांचा मजकूर मी लिहायचा. समन्वयक थळे सरांनी मुलाखतीत पहिला प्रश्न इंग्रजीत विचारला. मी उत्तर मराठीत दिले, तेही पायांकडे पाहत. सर म्हणाले, "उत्तम. फलक मराठीतच हवेत."

बाबा रामवाडीच्या एस.टी. आगारातून निवृत्त झाले. ते शेजाऱ्यांना सांगत होते, "सरकारी नाही, पण सरकारीसारखंच आहे." आईने साखर ठेवली हातावर.

मला वाटते, ज्या दगडांकडे कोणी पाहत नाही त्यांच्याशेजारी माझी चार वाक्ये उभी राहतील. याहून मोठी इच्छा मी कधी केलेली नाही.

बुधवार, १९ मार्च

एस.टी.ने खांब गावापर्यंत आणि तिथून सहा आसनी रिक्षाने आत तळगव्हाणला गेले. गावचे माजी सरपंच हैबतराव स्थानिक वारसा समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांनी पोहे दिले आणि सोबत माणूस दिला. गाव संपल्यावर कातकऱ्यांची वाडी लागते. वाडीच्या तोंडाशी एक जुना उंबर आहे, त्याच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीची एक शिळा जमिनीतून वर आलेली. शेंदूर, तेल, सुकलेली झेंडूची फुले. शेंदराच्या थराखाली माथ्यावर चंद्र आणि सूर्य स्पष्ट जाणवतात. मी टेप काढून वाकले, तोच मागून आवाज आला.

"हात नको लावू गो. पारोशी हायस का काय?"

"आंघोळ करून आले आहे," मी म्हणाले.

"कुठं, पेनला? मंग यष्टीत बसून आलीस ना? यष्टी कवा आंघोळ करते?"

चारपाच बायका हसल्या. बोलणारीचे नाव जानी. नवरा आणि ती पावसाळा संपला की धरमतरच्या बाजूला वीटभट्टीवर जातात. मुलीच्या लग्नासाठी या वर्षी ती लवकर परतली आहे. मुलगी राणी नववीपर्यंत शिकलेली. तिने माझ्या हातातली टेप धरली आणि आकडे मोठ्याने वाचले, बरोबर वाचले.

जानीची सासू हौसाआजी उंबराला टेकून बसली होती. तिने सांगितले की ही उंबराई. आई कमरेपर्यंत मातीत बसलेली आहे. भोवतालची जमीन म्हणजे तिचा पदर, म्हणून इथे कुदळ लावायची नाही. लग्नाच्या मांडवाची मेढदेखील इथून दूर रोवतात. वाडीतल्या प्रत्येक मुलीची पहिली हळद उंबराईला लागते, मग मुलीला.

"माझी नाय लागली," जानी म्हणाली. "माझं लगीन भट्टीवर लावलं शेटनं. काम बंद नको म्हनून. मंग माझी पयली दोन लेकरं ऱ्हायली नाय. राणीची हलद मात्र हितंच लागनार. अखितीला लगीन हाय."

अखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल. मी हे सर्व 'लोकश्रद्धा' या रकान्यात संक्षेपाने लिहिले.

शनिवार, २२ मार्च

थळे सरांनी छायाचित्र पाहिले आणि लगेच म्हणाले, "खाली गाढव असणार." मग मी समोर आहे हे लक्षात येऊन ते खोकले.

मलाही तसेच वाटले होते. वाचनातून मला हा प्रकार माहीत आहे. जुन्या राजांनी जमीन दान दिली की अशी शिळा उभी करीत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिकावे. खाली शाप, म्हणजे जो ही जमीन हिरावून घेईल त्याच्या आईची... पुढचे मी या वहीत लिहू शकत नाही. एक स्त्री आणि एक गाढव कोरलेले असते, एवढेच लिहिते. अशा शिळेला गधेगाळ म्हणतात. आपल्या जिल्ह्यात त्या पुष्कळ सापडल्या आहेत.

परंतु शिळा पूर्ण पाहिल्याशिवाय नोंद पक्की करता येत नाही. हैबतरावांचाही प्रस्ताव आला आहे: शिळा काढून सिमेंटच्या चौथऱ्यावर उभी करावी, भोवती पेव्हर ब्लॉक, शेजारी फलक, महाराष्ट्र दिनी उद्घाटन. परिसराचा नकाशा मला काढायला सांगितला. मी उंबराभोवती लहानसा चौकोन काढला होता. हैबतरावांनी फोनवर सांगितले, "ताई, तो रस्त्यापर्यंत ओढा. मागच्या प्लॉटवाले बंगल्यांना येतात, त्यांच्या गाड्या कुठं लागणार?" मी पुन्हा काढला. नकाशा स्वच्छ आला. सरांनी कौतुक केले.

शुक्रवार, २८ मार्च

हैबतराव आणि मी वाडीची संमती घ्यायला गेलो. उंबराखाली सगळे जमले. मी बोलायचे होते. माझा आवाज निघेना, म्हणून लिहून नेलेले वाचून दाखवले. वाचताना आवाज निघतो.

हौसाआजीने विचारले, "खाली काय हाय ते तुला ठावं हाय का?"

"निश्चित सांगता येत नाही," मी म्हणाले.

हे खोटे नाही. अनुमान आणि पुरावा यांत अंतर ठेवावे, हेच आम्हाला शिकवले आहे.

जानी जवळ आली. "तू शिकलेली हायस. आमच्याकडं बघून सांग. आईला काय होनार नाय ना?"

"काही होणार नाही. उलट तिचा मान वाढेल. लांबून लोक पाहायला येतील."

"हलदीच्या आदी होईल ना सगलं?"

"होईल."

मग अंगठे आणि सह्या झाल्या. राणीने सही केली, वळणदार. परतताना बसमध्ये मला तहान लागली होती, पण बाटली काढून पाणी प्यावे असे वाटले नाही. का, ते कळले नाही.

शनिवार, ५ एप्रिल

शिळा निघाली.

वाडीतल्या एकानेही कुदळ धरली नाही. हैबतरावांनी गावातले मजूर लावले, मुकादम रघू. बायका दूर ओट्यांवर बसून होत्या. हौसाआजीने तोंड भिंतीकडे केले होते. वीतभर माती निघाल्यावर अक्षरांच्या झिजलेल्या ओळी दिसल्या. मी गुडघ्यांवर बसून ब्रशने माती काढत होते. देवनागरीसारखी वळणे, तीन ओळी, त्यातला एखादा शब्दच लागण्यासारखा. त्या क्षणी मी फार आनंदात होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

मग रघू थांबला. "ओ ताई," तो म्हणाला, आणि कुदळ बाजूला ठेवली.

अनुमान बरोबर निघाले होते. शिल्प उत्तम स्थितीत आहे. मातीत राहिल्यामुळे जराही झिजलेले नाही.

गावातली पोरे मोबाइल घेऊन पुढे सरकली. कोणीतरी गाढव ओरडल्यासारखा आवाज काढला. हैबतराव ओरडले, "ए, हसू नका रे, ऐतिहासिक आहे ते!" पण ओरडताना तेही हसत होते. मी उठून मागे पाहिले. ओट्यांवर कोणी नव्हते. सगळी दारे लागलेली. दिवसाढवळ्या मी वाडीची सगळी दारे लागलेली प्रथमच पाहिली.

शिळा त्याच दिवशी चार हातांवरच्या चौथऱ्यावर उभी करून सिमेंट भरले. उंबराच्या बुंध्याशी खड्डा राहिला आहे.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. आईने देवळात नेले. मी डोळे मिटले की तो ब्रश आणि ती माती दिसत होती. आईने विचारले, "काय मागितलंस?" काहीच मागितले नव्हते.

बुधवार, ९ एप्रिल

फलकाचा मजकूर आज मान्य झाला. सरांनी एकही शब्द बदलला नाही. इथे उतरवते:

'तळगव्हाण येथील गधेगाळ. काळ: अंदाजे शिलाहारकालीन. माथ्यावरील चंद्र व सूर्य ही दानाच्या चिरस्थायित्वाची चिन्हे होत. मध्यभागी अस्पष्ट लेख. तळभागी स्त्री व गर्दभ यांचे शापदर्शक शिल्प असून दानभूमी बळकावणाऱ्याच्या मातेस ते उद्देशून आहे. लोकसमजुतीनुसार ही शिळा देवी मानली जाते.'

संयमित आहे. कुठेही अश्लाघ्य शब्द नाही. सरांनी कार्यालयात सर्वांना वाचून दाखवला आणि म्हणाले, "याला म्हणतात मराठी." माझे कान तापले. घरी येऊन बाबांना पहिली तीन वाक्ये वाचून दाखवली.

मंगळवार, १५ एप्रिल

आज जे पाहिले ते क्रमाने लिहिते, म्हणजे मन थाऱ्यावर येईल.

पक्का फलक अजून तयार व्हायचा आहे, पण हैबतरावांनी मजकूर फ्लेक्सवर छापून आधीच लावला आहे. शिळेच्या खालच्या भागाला कोणीतरी हिरवे लुगडे गुंडाळले होते. मी पोहोचले तेव्हा हैबतरावांचा माणूस ते सोडवत होता. बंगल्यांकडचे दोघे पाहुणे छायाचित्र काढण्यासाठी उभे होते. त्याने लुगडे गोळा करून उंबराच्या फांदीवर टाकले. पाहुण्यांतली बाई म्हणाली, "ओ माय गॉड," आणि हसली.

वाडीच्या बायका या वेळी घरात गेल्या नाहीत. राणी फ्लेक्सपुढे उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली. तिच्यामागे हौसाआजी, जानी, आणखी चारजणी. राणी शब्द जोडून जोडून वाचते. 'चिरस्थायित्व' तिने दोनदा वाचला. 'तळभागी स्त्री व' इथपर्यंत आली आणि थांबली.

"फुडं वाच," जानी म्हणाली.

"नाय कलत अक्षर."

"तुला कलतं. वाच."

राणीने वाचले नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही.

तेवढ्यात मोटारसायकलवरून गावातली दोन पोरे गेली. "काय गो गाढवाच्या वाडीवाल्यांनो! आई बरी हाय का?" हे आता रोजचे झाले आहे, असे एकीने सांगितले. शाळेत मुलांना तेच, दुकानावर तेच. राणीच्या होणाऱ्या सासरी, रोह्याकडच्या वाडीवर, तो फोटो मोबाइलमधून पोहोचला आहे.

जानी माझ्यासमोर आली. मी तिच्या रागाची तयारी केली होती. ती रागावली नाही.

"आमची आई कमरेपातूर मातीत होती गो. झाकलेली होती. तुमी तिला वडून भाईर काढलं, रस्त्यावर उभं केलं, आन् वर लिवलंपन."

मी "क्षमस्व" म्हणाले. तो शब्द तिला कळला की नाही, ठाऊक नाही.

"ह्ये तू लिवलंस?" तिने फ्लेक्सकडे बोट केले.

मी मान हलवली.

"चांगलं लिवलं असंल," ती म्हणाली.

शुक्रवार, १८ एप्रिल

गुड फ्रायडेची सुट्टी. दिवसभर पुस्तके चाळली. ज्या ज्या ठिकाणी गधेगाळाचे वर्णन आहे तिथे शिळेचे माप आहे, लिपी आहे, काळ आहे. शिळा काढल्यावर तिथल्या बायका कुठे गेल्या, हे कोणीच लिहिलेले नाही. मग मला तरी ते कसे ठाऊक असणार होते? असे लिहिले आणि वाचून पाहिले. हे वाक्य परीक्षेत चालले असते.

सोमवार, २१ एप्रिल

थळे सरांसमोर उभी राहिले आणि सगळे सांगितले. म्हणजे कागदावरून वाचून दाखवले. शिळा पुन्हा होती तशी पुरावी, ही विनंती.

सरांनी चहा मागवला. ते वाईट गृहस्थ नाहीत. म्हणाले, "समीक्षा, तुझ्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं. पण एकदा नोंद झाली की शिळा पुरता येत नाही. उद्या कोणीतरी म्हणेल, यांनीच लपवली. आणि एक तारखेला पाहुणे आहेत."

"मग फलकावरची ती एक ओळ तरी..."

"ती ओळ काढली तर उरतं काय? अगं, तीच तर माहिती आहे."

तेच खरे होते. मीच ती ओळ इतक्या काळजीने लिहिली होती.

"तुला जे वाटतं ते लेखी दे," सर म्हणाले. "लेखी असलं की मला वर बोलता येतं."

गुरुवार, २४ एप्रिल

जानी पेणला आली होती. राणीसोबत लग्नाचा बाजार करायला: बांगड्या, चोळखण, मुंडावळ्या. कार्यालय विचारत विचारत आली, पण आत आली नाही. खाली जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. शिपाई म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडचं कोणीतरी आहे," तेव्हा मी खाली गेले. राणी रस्त्यापलीकडे रसवंतीच्या दुकानाशी पाठमोरी उभी होती.

"सासरची बोलतात, आमच्याकडंच हलद लावा, तुमच्या तिथं नको," जानी म्हणाली. "मी नाय बोलली. हितंच लावनार."

"त्या शिळेला?"

"दगूड ऱ्हाऊं दे तिकडं. तो आता तुमचा. आई काय दगडाबरूबर चालत गेली? ती हाय तितंच, मातीत. खड्डा हाय ना, त्याच्यात लावनार हलद."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"पन रघू मुकादम बोलतो, मंगलवारी खडी टाकून बुजवतो न वर बलाक बसवतो. एक तारखेच्या आत पायजे त्यांना. मंगलवारीच आमची हलद हाय, सकाळच्याला. तेवढी लागू दे. मंग बुजवा, काय करायचं ते करा."

"मी हैबतरावांशी बोलते. आणि लेखी अर्ज देते."

"लिव. पन तू ये." तिने माझ्या मनगटाला धरले. तिचा हात विटेसारखा खरखरीत आहे. "ये गो, नुसती उभी ऱ्हा तितं. काय बोलू नको. तू हापिसातली. तुला बघितलं का रघू दोन घडी मशीन बंद ठेवंल. आमच्यासाटनं नाय ठेवनार."

मी "प्रयत्न करते" म्हणाले. ती उठली. राणीने लांबूनच हात वर केला; तिच्या हातात पिशवी होती, पिशवीतून हिरव्या बांगड्यांचा पुडा डोकावत होता.

मी उभी राहून काय होणार? चार माणसांत माझा आवाज निघत नाही. हैबतराव समोर आले तर मी त्यांनाच नमस्कार करीन. माझी जी काही शक्ती आहे ती लेखणीत आहे, असे माझे सर्व शिक्षक म्हणत आले. तिचाच उपयोग करावा.

शनिवार, २६ एप्रिल

अर्जाचा पहिला मसुदा झाला. फार भावनिक वाटला. फाडला.

केवळ एका सकाळची सवलत मागणे पुरेसे नाही, असे विचारांती ठरवले. उंबराचा बुंधा, खड्डा आणि त्यांच्याभोवतीची एक हात जागा कायमची मातीची ठेवावी, अशी मागणी करावी. त्यासाठी तात्त्विक आधार हवा: वस्तूचे जतन आणि स्थानाचे जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा मुद्दा कोणी इतक्या स्पष्टपणे मांडलेला मला आढळला नाही. संदर्भ शोधते आहे.

रविवार, २७ एप्रिल

'खड्डा' हा शब्द अर्जात शोभत नाही. 'मूळ स्थान' लिहिले. पण मूळ स्थान म्हटले की शिळा परत तिथे न्यावी असा अर्थ निघतो, आणि ते सर नाकारतील. 'अधिष्ठानभूमी' बरा वाटतो. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

आई म्हणाली, "एवढा मोठा अर्ज कोण वाचणार?" मी म्हणाले, मुद्देसूद असला तर वाचतात.

सोमवार, २८ एप्रिल

हैबतरावांना फोन केला. ते अगदी गोड बोलले. "ताई, एक तारखेला मोठी माणसं येणार. मधोमध खड्डा ठेवू? कोणाचा पाय मोडला तर तुमी येणार का उचलायला?" मग म्हणाले, "आमी कुठं नाय म्हणतो? तुमच्या हापिसातून शब्द आला की काम थांबवतो. आमाला काय, वरचं कळलं की झालं."

म्हणजे सर्व काही अर्जावर अवलंबून आहे. हा दिलासाच आहे.

सरांकडे उद्याची रजा मागितली. ते लगेच म्हणाले, "जा की. जाऊन ये तिकडं. अर्ज आज दिलास तर आजच हैबतरावांना फोन करतो." मी म्हणाले, शेवटचा परिच्छेद राहिला आहे, एकदा शुद्ध करून पाठवते. ते म्हणाले, "मेल कर, मी पाहीन."

उद्या सकाळी सातची बस आहे. परंतु अर्ज हातात नसताना जाऊन उभी राहिले तर मी तिथे कोण? वाडीतल्या बायकांसारखीच एक. अर्ज पूर्ण करते, पाठवते, आणि मग नऊच्या बसने निघते.

मंगळवार, २९ एप्रिल

सात वाजता बाबांनी विचारले, "जाणार होतीस ना?" मी म्हणाले, नऊची बस घेते.

साडेआठला जानीचा फोन आला. तिच्या मागे बायकांचा गलका होता, कोणीतरी थाळी वाजवत होते. "कुठवर आलीस? हलद वाटून झाली. राणीला पाटावर बसवली. तू आलीस का चलतो उंबराकडं."

"अर्ज आता पाठवतेच आहे. तो मिळाला की सर फोन करतील, काम थांबेल."

"बरं. मंग निघ तू."

शेवटच्या परिच्छेदात 'स्थानिक आदिवासी भगिनींच्या भावनांचा आदर राखून' असे लिहिले होते. ते वाचले आणि मला जानीचा हात आठवला. ते वाक्य खोटे वाटले. खोडले. दुसरे लिहिले. तेही जमेना. नऊची बस निघून गेली असावी. घड्याळाकडे पाहिले तेव्हा ती गेलेलीच होती.

पुन्हा फोन आला तेव्हा जानी ओरडून बोलत होती, कारण मशीन सुरू झाले होते. ते जमीन दाबणारे, ठोकणारे मशीन असते. त्याच्याखाली बायकांची लग्नाची गाणी ऐकू येत होती. त्या गात होत्या आणि मशीन ठोकत होते.

"रघू, थांब जरा, रे! आयको! बाई येते हापिसातली!" ती त्याच्याशी बोलत होती, मला नाही. मग मला: "फोनवर सांग त्याला. तू सांग. धर रे, बोल."

रघूचा आवाज आला. "ह्यालो. कोण?"

मी कोण आहे हे मला सांगायचे होते. नाव, पद, कार्यालय. तोंड उघडले. "मी..." एवढेच झाले. त्याने दोनदा "ह्यालो, ह्यालो" केले, म्हणाला, "कोण बोलत नाय गो," आणि फोन परत दिला. मशीनचा आवाज वाढला. नंतर फोन बंद झाला.

मग मला वाटले, अजूनही अर्ज पोहोचला तर ब्लॉक काढता येतात. ते सिमेंटमध्ये बसवत नाहीत, दगडाच्या नुसत्या बारीक कचेवर बसवतात. तेवढ्या जागेतले काढणे अवघड नाही. तसे वाक्य अर्जात घातले. आवश्यकच होते.

तिसरा फोन राणीचा होता. आवाज शांत. मागे मशीन नव्हते.

"ताई, आई बोलते, आता नको येवू. उन्हाची कशाला येतेस."

"हळद?"

"लागली."

"कुठे?"

"बलाकवर. आजी बसून ऱ्हायली व्हती खड्ड्याच्या कडेला, उठंनाच. मंग तिला दोघांनी उचलून बाजूला ठेवली न बसवला बलाक. आई बोलली, आता खाली उंबराईला आयकू गेलं तर गेलं. वरनंच लावली. पुसून घेतला रघूनं मागनं, डाग पडतो म्हनून."

"राणी, मी अर्ज..."

"व्हय ताई, द्या तुमी. माझं लगीन उद्या हाय. आलात तर या जेवाया."

तिने फोन ठेवला. मागून जानी काहीतरी म्हणाली होती, ते मला नीट ऐकू आले नाही.

अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. साडेतीन पाने. एकही चूक नव्हती. विषय, संदर्भ, मुद्दे क्रमाने, शेवटी विनंती. 'दिनांक २९ रोजी सकाळी होणाऱ्या विधीपूर्वी काम स्थगित ठेवावे' हे वाक्य आता काढावे लागले. ते काढल्यावर चौथा आणि पाचवा मुद्दा जुळेनात, म्हणून दोन्ही एकत्र केले. मग पत्ता तपासला, 'आपली विश्वासू' खाली नाव लिहिले.

थळे सरांना पाठवला. मंगळवार, दिनांक २९ एप्रिल २०२५, सकाळी ११ वाजून ४७ मिनिटे.